जावयाचं शिसं

"ऐका, वाजते कशी ते," आमचे हे म्हणाले आणि साच्यातून नुकतीच निघालेली बंदुकीची गोळी त्यांनी पायरीच्या चिऱ्यावर आपटली. ती टण्णकन उडाली, तुळशीवरून गेली आणि आईनं सारवायला कालवलेल्या शेणाच्या बादलीत बुडाली. मी पदर तोंडात कोंबला. लग्नाला दोन वर्षं होऊनही ह्यांच्याकडे बघून मला हसू आवरत नसे, आणि ह्यांना वाटे, बायको आपल्यावर लुब्ध आहे. तेही खोटं नव्हतंच म्हणा.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुलीवरच्या पळीतलं वितळलेलं शिसं हलवलं. "खणखणीत आहे," ते म्हणाले.

"साधं शिसं नाही हे, आबा. ह्यानं दोन-तीन पंचांगं छापून झालीत. लग्नपत्रिका तर किती, विचारू नका."

हे सावंतवाडीला एका छापखान्यात खिळे जुळवायला होते. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. ती झिजली की मालक मोडीत काढी. आमच्या दिवाळसणाला ह्यांनी त्यातली पिशवीभर मागून आणली आणि ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या ओतायला म्हणून आबांच्या पायाशी ठेवली. सासऱ्याला असली भेट आमच्या गावात कुणी दिली नव्हती. पुढच्या दिवाळीला दुसरी पिशवी आली. जावई एवढ्या हौसेनं आणतोय म्हटल्यावर आबांनी बाजारातून शिसं आणणंच बंद केलं.

ही गोष्ट साठ-एकसष्ट सालची, सांबराच्या शिकारीला बंदी आली नव्हती तेव्हाची. आमचं शिळवण गाव डोंगराच्या पायथ्याला. शिमग्याच्या आधी देवाचा कौल घेऊन गावाची पारध निघायची. ढोल बडवत रान हाकायचं, आणि जनावर उठलं की पहिला बार गवसांच्या बंदुकीचा, म्हणजे आबांचा. हा मान आमच्या घराकडे पणजोबांपासून चालत आलेला. एरवी आबा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी फेटा बांधून बंदूक खांद्याला लावली की त्यांचं चालणंच बदले. मला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडे.

आणि नेमकी माझ्या लग्नानंतरच माशी शिंकली. पहिल्या वर्षी सांबराला गोळी लागली, रक्त सांडलं, पण ते पळत सुटलं ते व्हाळ ओलांडून पलीकडच्या मोरगाळूत जाऊन पडलं. व्हाळ म्हणजे आमच्या दोन गावांच्या शिवेवरचा ओढा. जनावर ज्याच्या शिवेत पडेल त्याचं, हा रिवाज. मोरगाळूवाल्यांनी मटण हाणलं आणि आम्हाला पानात गुंडाळून शेपूट पाठवलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्या खेपेला चार खूर आले, तेही ढोल वाजवत. मग देवळात बैठक बसली आणि ठरलं, यंदाही जनावर पलीकडे गेलं तर पहिला बार लखू गावकराच्या घराकडे द्यायचा. आबा बैठकीतून उठले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "नजर गेली माझी."

"उद्या फत्ते बघा," हे सांगत होते. "ही गोळी भिंतीतूनसुद्धा आरपार जाईल."

"जाईल," आबा म्हणाले. त्यांनी एका गोळीवर अंगठ्याचं नख दाबलं, आणि मग उगाच माडाच्या शेंड्याकडे बघत बसले.

बादलीतली गोळी काढायचं काम माझ्याकडे आलं. विहिरीवर ती धुताना मीही सवयीनं नख दाबलं. लहानपणी माझे सागरगोटे कसले होते ठाऊक आहे? आबांनी मारलेल्या जनावरांच्या अंगातून निघालेल्या गोळ्या. आत जाताना गोल असलेली गोळी बाहेर काढली की चपटी व्हायची, कडा जास्वंदीसारख्या उमललेल्या. आबा सांगत, "गोळी आत जाऊन फुलली पाहिजे, मथू. फुलली की जनावर तिथल्या तिथे बसतं, हाल होत नाहीत. न फुलता आरपार गेली तर ते बिचारं जीव घेऊन धावत सुटतं." फुलायला शिसं मऊ लागतं, नखाची कोर उमटेल इतकं मऊ.

माझं नख उमटलं नाही. जोर केला तर नखच तुटलं.

आबांची नजर शाबूत होती. दोन्ही वर्षं गोळी जागच्या जागी बसली होती आणि सुईसारखी पार निघून गेली होती. आणि ती सुई माझ्या नवऱ्यानं पिशवीतून आणून दिली होती. मला रडावं की हसावं कळेना. मी तशीच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती.

"आई, ह्यांचं शिसं कडक आहे. म्हणून गोळी फुलत नाही."

"हळू बोल."

"आबांना सांगते मी."

"सांगून काय करतील ते? जावयाच्या डोळ्यांदेखत त्याचं शिसं सारून दुसरं ओततील? आणि ते तुझ्या सासूच्या कानावर गेलं म्हणजे? आमच्या मुलानं दिलेलं व्याह्यांना चालत नाही का गो, म्हणून वर्षभर ऐकवेल तुला."

माझ्या सासूला आईनं बरोबर ओळखलं होतं.

"मग ह्यांनाच सांगते."

"सांग. आणि दोन वर्षं सासऱ्याची फजिती आपल्यापायी झाली हे कळल्यावर ते पुन्हा आपल्या दारात पाय ठेवतील का, तेही विचार."

ठेवला नसता. ह्यांचा स्वभाव तसा हळवा. मी पाटावर बसले. "पण मऊ शिसं आणू कुठून? पारध उद्यावर आली."

आईनं नारळ खवता खवता नुसती हनुवटी उडवली, पडवीकडे. तिथे खुंटीला ह्यांचं जाळं टांगलेलं होतं.

जाळ्याची हकिगत सांगितली पाहिजे. हातानं फेकायचं गोल जाळं, खास मालवणहून आणवलेलं, काठाला ओळीनं शिशाचे मणी. हे दर खेपेला सासुरवाडीला ते घेऊन येत, व्हाळाच्या डोहावर जात, हातभर मागे वाकून फेकत, आणि ते ओल्या गोधडीसारखं गच्चकन एका जागी पडे. ते उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मासे तर आम्ही बाजारातूनच आणत असू. मी हळूच जाऊन एका मण्यावर नख दाबलं. सुरेख कोर उमटली.

"जावयाच्या जाळ्याला हात लावायचा?" मी म्हणाले.

"जावयाचं शिसं जावयाकडेच घेतोय," आई म्हणाली. "तो काय परका आहे?"

दुपारी जेवण करून हे पडवीत आडवे झाले आणि आबा देवळात कौल घ्यायला गेले. आम्ही मायलेकी जाळं, पळी, साचा आणि घमेलंभर निखारे घेऊन गोठ्यात शिरलो. एक सोडून एक मणी काढायचा, म्हणजे पटकन नजरेत भरणार नाही, अशी आईची अक्कल. ती विळीनं दोरा कापी, मी मणी पळीत टाकी. म्हैस आमच्याकडे अशी बघत होती की आईला हसू फुटलं, तिला बघून मला, आणि मग दोघींना आवरेना. मी शेणाच्या पाटीवर बसून पोट धरून हसले. आई म्हणते, "गप गो, पळी सांडेल," आणि स्वतःच हसता हसता खाली बसते. तिला मी तशी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

इतक्यात पडवीतून ह्यांचा आवाज आला. "कसला वास येतोय?"

"गुरांना धूर केलाय, माश्या झाल्यात," आई ओरडली.

"मला वाटलं, छापखान्यातच आहे की काय मी," हे म्हणाले आणि कूस बदलल्याचा आवाज आला. आम्ही श्वास रोखून उभ्या राहिलो. थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं तेव्हा जिवात जीव आला.

साच्यातून पाच-सहा गोळ्या निघाल्या. मऊ शिसं साच्यात नीट भरत नाही, दोन जरा सुरकुतल्या होत्या. त्या पुन्हा ओतल्या. खात्री म्हणून प्रत्येकीवर मी नख दाबून पाहिलं. मग आबांच्या चामडी बटव्यातल्या कडक गोळ्या काढून ह्या घातल्या, जाळं खुंटीला लावलं आणि संध्याकाळी मी इतकी शहाण्यासारखी वागले की आबांनी विचारलं, "ताप बिप आहे काय गो हिला?"

सकाळी दारापुढच्या खळ्यात ढोल वाजायला लागला. आबांनी फेटा बांधला. बंदुकीत दारू ओतली, वर काथ्याचा बोळा घालून गजानं ठासला. मग बटवा उघडून गोळ्या तळहातावर घेतल्या, आणि थांबले. हात जरा वरखाली केला. मी तुळशीकडे बघत होते, आई तर चुलीत डोकंच घालून बसली होती. आबांनी एक गोळी चिंधीत गुंडाळली, ठासली आणि बटवा बंद केला.

"आज हाताला बरं वाटतंय," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही पारधीत नका येऊ. नवख्या माणसाला रानात धोका. तुम्ही व्हाळावर जाळं टाका, रात्रीला मासे तरी होतील."

जाळ्याची आम्ही काय दशा करून ठेवली होती ते आबांना काय माहीत. मी घाईघाईनं धुण्याची बादली उचलली आणि ह्यांच्या मागून निघाले.

व्हाळावर बघते तर पलीकडच्या काठावर मोरगाळूची मंडळी आधीच येऊन बसलेली. टोपल्या, कोयते, मटण बांधायला केळीची पानं, सगळा सरंजाम. त्यांचा म्होरक्या तातू नाईक तंबाखू मळत होता.

"काय गो मथू," तो म्हणाला, "आबा केव्हा पाठवतोय आमचं सांबर? बायका वाटण वाटून बसल्यात."

"पाठवतील हां. शेपूट तयार ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

ह्यांनी धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरले, जाळ्याची दोरी मनगटाला बांधली. मग जाळं उचललं आणि क्षणभर नुसतेच उभे राहिले. जाळं हातात झेलल्यासारखं केलं, काठाकडे बघितलं. मी धुणं इतकं जोरात आपटलं की आबांच्या सदऱ्याचं बटण गेलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मागे वाकले आणि जाळं फेकलं.

काय सांगू. ते जाळं हवेत उघडलं. वजन निम्मं झालेलं, त्यामुळे पहिल्यांदाच ते ह्यांच्या खांद्याला पेललं, आणि भाकरीसारखं गोल होऊन डोहावर अलगद पडलं. मोरगाळूवालेसुद्धा वाहवा म्हणाले. फक्त ते बुडेना. पाण्यावर पसरून तरंगत राहिलं, आणि खालून मासे आपापल्या कामाला निघून गेले.

"हे बरं जाळं," तातू म्हणाला. "माशांना सावली."

मी हसू दाबायला तोंडात ओला पंचा धरला, तेवढ्यात रानात ढोलाचा आवाज चढला. हाकारे ओरडायला लागले. आणि बार झाला. एकच. मग सगळं गप्प.

बार झाला आणि जनावर जागी बसलं, तर ढोल पुन्हा वाजतो. ढोल वाजला नाही. कुत्री भुंकायला लागली आणि भुंकणं व्हाळाच्या दिशेनं खाली खाली येऊ लागलं. पलीकडे तातूनं तंबाखू झाडली आणि कोयता उचलला. आता लखू गावकर, आता आबांचा फेटा कायमचा ट्रंकेत, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं.

करवंदीच्या जाळीतून सांबर बाहेर आलं. भलामोठा नर. उतारावरून आला, पण धावत नव्हता. पाय पसरत होते, मान खाली येत होती. पाण्यापासून चार हातांवर तो थांबला, आणि समोर पाण्यात आमचे हे.

"बाजूला व्हा, अहो," मी किंचाळले.

"येऊ दे त्याला इकडे," तातू ओरडला.

ह्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. डोळे मिटले आणि ओढून घेतलेलं ओलं जाळं होतं तसं फेकलं. ते दुसऱ्यांदाही उघडलं, आणि सांबराच्या शिंगांवर जाऊन बसलं. सांबरानं मान झटकली. दोरी मनगटाला, त्यामुळे हे तोंडावर पाण्यात आपटले, पण दोरी सोडली नाही. मग सांबर हळूच पुढच्या गुडघ्यांवर बसलं आणि कुशीवर कललं. आमच्या काठावर. तोंड तेवढं पाण्याला टेकलं होतं.

"तोंड पाण्यात आहे," तातू म्हणाला, "आणि पाणी निम्मं आमचं."

"तोंड न्या तुम्ही," मी म्हणाले.

आबा आले, मागून सगळा गाव. आबांनी नेहमीप्रमाणे आधी जनावराच्या तोंडात ओंजळभर पाणी सोडलं, कपाळाला हात लावला. लखू गावकरानं अंग तपासलं. एका कुशीत भोक होतं, दुसरी कूस कोरी. गोळी आतच राहिली होती. वाटे करायला बसले तेव्हा ती पलीकडच्या कातड्याखाली सापडली. लखूनं ती धुतली, तळहातावर घेतली. चपटी, कडांनी उमललेली. तो आबांचा उभा वैरी नव्हता, पण मान मिळायची आशा त्याला होतीच. त्यानं गोळी आबांच्या हातावर ठेवली.

"फुलली," तो म्हणाला. "बार गवसांचाच."

मग कुठे ढोल वाजला. इकडे हे चिखलानं माखलेले, मनगटाची दोरी न सोडता प्रत्येकाला सांगत होते, "मी धरलं, बघितलंत ना?"

"जावईबापूंनी अडवलं म्हणूनच आपल्या शिवेत पडलं," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. आईनं मोरगाळूला शेपूट पाठवायचं म्हणून हट्ट धरला होता, पण आबांनी मागची एक तंगडी पाठवली.

संध्याकाळी मटण शिजत होतं, खळ्यात गाव जमला होता. आबा विहिरीवर हातपाय धूत होते. मी पाणी घालत होते. त्यांनी बटव्यातून ती चपटी गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मागून बघ."

मी उलटी केली. मागच्या बाजूला, जिथे शिसं फुललं नव्हतं, तिथे नखाची कोर होती. तुटक्या नखाची, एका बाजूनं तिरकी.

"नख तोडून घेतलंस ना?" आबा म्हणाले.

"तुम्हाला कळलं?"

"हातात घेतल्या घेतल्या. मऊ शिसं जड लागतं."

"मग ते कडक आहे, हेही..."

"पहिल्या दिवाळीलाच. साच्यातून पडली तेव्हा वाजली ती. शिसं असं वाजत नाही."

मी कळशी खाली ठेवली. "दोन वर्षं, आबा? शेपूट आलं, खूर आले. मान जायला निघाला होता."

आबा पायाला पाय घासत राहिले. "तू नवी होतीस त्या घरात," ते म्हणाले. "दिवाळसणाची भेट परत केली असती तर तुला जड गेलं असतं. बंदुकीचा मान काय, लखूच्या घरात गेला असता तरी गावातच राहिला असता ना."

मी रडायला लागले आणि रडता रडता मला हसू यायला लागलं, कारण खळ्यातून ह्यांचा आवाज येत होता. सांबर आता घोड्याएवढं झालं होतं.

पुढच्या दिवाळीला हे पुन्हा खिळ्यांची पिशवी घेऊन आले. आबांनी दोन्ही हातांनी घेतली. पाडव्याला त्यांनी जावयाला भेट दिली ती नव्या मण्यांची, त्याच छापखान्याच्या शिशातून ओतलेल्या. "सांबरानं तुमच्या जाळ्याचे मणी तोडले," ते म्हणाले, "आता हे घाला, कडक आहेत, झिजणार नाहीत." जुने मऊ मणी बंदुकीकडे आले. आबा होते तोवर दर दिवाळीला पिशवी आली आणि तिचे मणी झाले, आणि त्यांचं सांबर पुन्हा कधी व्हाळापलीकडे गेलं नाही.

आता ह्यांचे दात गेलेत, पण गोष्ट आहे तशीच आहे. परवा हे नातवंडांना घेऊन बसले होते. सांबर हत्तीएवढं होतं आणि जाळं आकाशाएवढं. मला काय वाटलं कोण जाणे. मुलं उठून गेल्यावर मी म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या जाळ्यात निम्मेच मणी होते. आई आणि मी काढले होते, गोळ्यांसाठी."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"झोपलो कुठे होतो मी? शिशाचा वास मला कळणार नाही? तो वास नाकात घेऊनच मोठा झालो. आणि खिळ्याचं शिसं कडक असतं हे कंपोझिटरला सांगावं लागतं होय? गोळीला मऊ लागतं, हे मात्र तुम्ही दोघी गोठ्यात बोलत होता तेव्हा कळलं. अंगावर काटा आला होता माझ्या."

"मग उठून आला का नाहीत? आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पिशवी कशाला नेलीत?"

"नेली नसती तर आबांना कळलं असतं, की मला कळलंय. गोळी वाजते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं नसेल होय? ते दोन वर्षं माझ्यासाठी गप्प बसले, मी एवढं नको करू?" हे म्हणाले. "आणि त्या दिवशी उठणार होतो. पण तू हसत होतीस. आमच्याकडे तू पदर तोंडात कोंबून हसायचीस, माझ्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझं मोकळं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, मणी काय, सगळेच काढून घेऊ देत."

मी हसायला लागले, गोठ्यात हसले होते तशी. पदर मांडीवर होता, तो मी तिथेच राहू दिला.